पाच मीटर खालची पावलं

त्सुरुयोकाकूंचं टोफूचं दुकान आमच्या सलूनला लागूनच. ओसाकात आमच्या वस्तीखाली भुयारी रेल्वेचं स्टेशन व्हायचं ठरलं, तेव्हा त्या पंचेचाळिशीच्या होत्या. जमिनीत जुनं काही आहे का, हे बघितल्याशिवाय खड्डा पुढे न्यायचा नाही, असा नियम. त्या कामावर वस्तीतल्याच बायका रोजाने घेतल्या. काकूंचा टोफू सकाळी दहापर्यंत संपायचा, म्हणून त्याही गेल्या. नवरा म्हणाला, "घरात टोफू, बाहेर चिखल. तुझ्या नशिबी सगळं मऊच."

पण हात तयार झाला होता तो टोफूवरच. पाण्यात बुडवून कापताना त्याची कड मोडू द्यायची नसते. बाकीच्यांच्या खुरप्याखाली माती तुटायची, काकूंच्या हाताखाली ती सुटायची. उत्खननाचे प्रमुख हामुरो सर नाजूक जागा त्यांनाच देत.

नोव्हेंबरात, रस्त्याच्या पाच मीटर खाली, काळ्या मातीत पांढऱ्या वाळूचे डाग दिसले. काकूंनी वाळू अलगद काढली, तर खाली पाचही बोटांसकट माणसाचं पाऊल. मग दुसरं, तिसरं. हे दोन हजार वर्षांपूर्वीचं भातशेत, सर म्हणाले. पावलं उमटली आणि लगेच पुराच्या वाळूने भरली. मोठ्या पावलांशेजारी लहान पावलं होती, चारेक वर्षांच्या पोराची. ती मध्येच थांबली होती. सरांना वाटलं, पुढची पाण्याने झिजली असतील.

काकू बराच वेळ उकिडव्या बसून बघत राहिल्या.

"झिजली नाहीत, सर. इथून पोराला उचललंय."

"कशावरून, काकू?"

"पुढची मोठी पावलं खोल गेलीत. डावं जरा जास्तच. मी तीन पोरं कडेवर वागवलीत."

सरांनी मोजपट्टी लावली. लहान पाऊल संपलं तिथपासून प्रत्येक मोठं पाऊल बोटभर जास्त खोल होतं. त्यांनी डोक्यावरचं हेल्मेट काढून हातात घेतलं.

रविवारी वस्तीला बघायला सोडलं. शे-दोनशे माणसं कठड्याला उभी होती. माझ्या आईने माझ्या बहिणीला कधी कडेवर घेतलं, तिचं तिलाच कळलं नाही. काकूंच्या नवऱ्याला त्या दिवशी एकही थट्टा सुचली नाही. घरी जाताना त्याने एवढंच विचारलं, "पोचले असतील का गं ते?"

काकूंना ते सांगता येईना. पावलं खड्ड्याच्या भिंतीत शिरली होती, आणि भिंतीपलीकडे, आमच्या दुकानांखाली, खणायची परवानगी नव्हती.

पावलांचे साचे घेतले, मग यंत्रं आली. सरांच्या अहवालात ते निरीक्षण काकूंच्या नावानिशी छापलं गेलं. सत्तरीपर्यंत शहरात कुठेही अवघड चिखल लागला, की काकूंना बोलावणं यायचं.

स्टेशन सुरू झालं त्या सकाळी मी त्यांच्याबरोबर होतो. तिकीटघराच्या मजल्यावर त्या आमच्या दुकानांकडच्या एका कोऱ्या भिंतीसमोर थांबल्या आणि कमरेतून वाकल्या. खाली पहिली गाडी आली नि गेली. मी घाई केली नाही.