काकू जेवायला बसल्या की नॉइज मोजायची

आमच्या वर्कशॉपमधले किस्से मी वहीत लिहून ठेवणार होते. पण वही रीडिंगची आहे, आणि त्यातलं निम्मं आधीच कुणाला खरं वाटत नाही. म्हणून तोंडीच सांगते.

उमरग्यात हायवेला लागून आमचं छोटं वर्कशॉप. पेनड्राइव्हवर गाणी वाजवणारे, हातात धरून नेता येतील असे प्लेअर आम्ही जोडतो. मालक मल्लूअण्णा. तात्या जुने रेडिओ मेकॅनिक, सत्तरीच्या पुढचे. मी टेस्टिंगला. प्रत्येक प्लेअरची आउटपुट पॉवर मोजायची, गाणं बंद असताना मागं खरखर किती येते ती नॉइज मोजायची, दोन्ही आकडे चिठ्ठीवर लिहून खाली सही करायची. माझ्या सहीला जगात एवढी एकच चिठ्ठी मिळते.

*

पहिल्याच आठवड्यात 'शंभर वॅट'चा स्टिकर लावलेला प्लेअर मोजला. सहा भरले.

अण्णा म्हणाले, "सहाच? ताई, तुम्ही लई हळू मोजताय. जरा मोठ्यानं मोजा की!"

*

पॉवर मोजताना स्पीकर काढून त्याजागी जाड रेझिस्टर लावतात. आवाज काहीच येत नाही, रेझिस्टर नुसता तापतो. सास्तूरचे एक मामा अर्धा तास बघत उभे होते.

"काय चाललंय, बाई?"

"प्लेअर फुल आवाजात वाजतोय, मामा."

मामांनी रेझिस्टरला बोट लावलं, झटकन मागं घेतलं आणि गंभीरपणे म्हणाले, "व्हय. लई वाजतोय!"

*

शेजारी शोभाकाकूंची मिरची कांडायची गिरणी. तिची मोटर सुरू झाली की मीटरवर आमचे सगळे प्लेअर नापास. लाईट गेली की गिरणी बंद, पण मग मीटरही बंद!

शेवटी तोड निघाली. काकू दुपारी जेवायला बसतात तेवढ्यात नॉइज मोजायची. एकादशीला काकूंचा उपास, त्यामुळं त्या दिवशी आमच्याकडं नॉइज मोजली जात नाही. गिऱ्हाइकांना हे कारण सांगितलं की तेच आपले हात जोडतात.

*

माझा एक दोष आहे. मीटरवर आकडा वर गेला की, आणि नंतर तो नुसता आठवला तरी, माझी डावी भुवई वर जाते. मला ते कळतही नाही. घरी पत्ते खेळायला म्हणूनच मला सगळ्यात आधी बोलावतात.

*

तात्यांना मीटर मान्य नाही. ते आपल्या कोपऱ्यात प्लेअरला कान लावायचे आणि निकाल द्यायचे. पण गेल्या उन्हाळ्यापासून त्यांना सगळेच प्लेअर चांगले वाटायला लागले. दोन खरखरणारे कळंबच्या दुकानातून परत आले.

अण्णांनी फर्मान काढलं. "दहा प्लेअर. आधी ताई मोजतील, चिठ्ठी झाकून ठेवतील. मग तात्या, तुम्ही ऐकून सांगा. जुळलं तर ही खुर्ची तुमची. न्हाय तर घरी आराम करा."

तात्या मला हळूच म्हणाले, "ताई, घरी बसून काय करू? तिथं माझ्याशी बोलतंय कोण?"

*

काकू त्या दिवशी इतक्या सावकाश जेवल्या, की एका भाकरीत आमचे नऊ प्लेअर झाले.

मी त्या दिवसापुरती तात्यांच्या समोर बसून मोजायची, चिठ्ठी झाकायची, प्लेअर तात्यांकडं द्यायची. तात्या तो कानाला लावायचे, एक डोळा मिटायचे, दुसरा माझ्याकडं.

"ह्याला नॉइज हाय." बरोबर.

"ह्याला न्हाय." बरोबर!

नऊच्या नऊ जुळले. मी खरं तर खिडकीबाहेर बघायला हवं होतं. पण खिडकी मागं होती.

दहावा तात्यांनी कानाला लावला, तेवढ्यात काकू निकाल बघायला आत आल्या आणि त्यांनी पदर झटकला. मिरचीचा खकाणा उठला. मला शिंकांवर शिंका! तोंड सगळं ओढणीत.

तात्या प्लेअर धरून थांबलेलेच.

"बोला की, तात्या," अण्णा म्हणाले. "नॉइज हाय का न्हाय?"

"जरा दम धरा," तात्या म्हणाले. "ताईंचं शिंकून होऊ द्या, मग सांगतो."

अण्णांनी तात्यांकडं बघितलं. मग माझ्याकडं बघितलं.

"खुर्ची ऱ्हाऊ द्या," ते म्हणाले. "फक्त जरा फिरवून ताईंच्या समोर लावा."