मेनूतली पहिली ओळ

माझा थोरला भाऊ कॉम्प्युटर दुरुस्त करतो. गिऱ्हाइकाशी दोन वाक्यांच्या वर बोलत नाही, आणि घरी बोलायला कोणी नाही. आठवड्यातून एकदा मी डबा घेऊन दुकानात जाते. तो स्क्रूच्या डब्या बाजूला सारून मला स्टूल देतो आणि पुन्हा मशीनमध्ये डोकं घालतो.

दुकानातल्या मशीनवर विंडोजऐवजी दोन लिनक्स आहेत, एक त्याचं, एक आमच्या धाकट्या भावाचं. मशीन लावलं की काळ्या पडद्यावर ग्रब नावाच्या छोट्या प्रोग्रॅमचा मेनू येतो: कोणतं सुरू करू? दहा सेकंदांत कोणी काही निवडलं नाही, तर पहिल्या ओळीतलं सुरू होतं. दोघे एकत्र काम करायचे तेव्हा त्या पहिल्या ओळीवरून भाऊबंदकी चालायची. एकाने आपली वर चढवली की दुसरा जेवणाच्या सुट्टीत ती खाली ढकलायचा. मला हसू यायचं. एके दिवशी मात्र थोरल्याने गिऱ्हाइकांसमोर सुनावलं, "दुकान माझं आहे, पहिली ओळ माझीच." धाकट्याने हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलावर ठेवला आणि निघून गेला. त्याला तीन वर्षं झाली. दुसऱ्या शहरात नोकरी करतो. मला फोन करतो, थोरल्याला नाही.

तो गेल्यावर थोरल्याने स्वतःच्या हाताने त्याची ओळ वर नेऊन ठेवली. रोज सकाळी शटर उघडायचं, मशीन लावायचं आणि खालचा बाण दाबून आपल्या ओळीवर यायचं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. ह्याचा पीळ केव्हाच जळून गेला होता, फक्त माफी मागायला जीभ वळत नव्हती.

गेल्या महिन्यात त्याने आपलं लिनक्स नवीन घातलं आणि मेनूतून धाकट्याची ओळच गेली. नवा ग्रब सांगितल्याशिवाय मशीनवरचं दुसरं लिनक्स शोधत नाही. सेटिंगच्या फाइलमध्ये एक ओळ घालायची, मेनू पुन्हा लिहून घ्यायचा, संपलं. हे काम थोरला डोळे मिटून करेल. तरी त्याने माझ्यासमोर धाकट्याला मेसेज टाकला: "तुझं लिनक्स दिसत नाहीये. काय करू?"

"काखेत कळसा," मी म्हटलं.

"गप गं."

मी निघता निघता उत्तर आलं. फाइलचं नाव, घालायची ओळ, चालवायची कमांड. कसा आहेस, बरा आहेस का, काही नाही. थोरल्याने तेवढंच चार-पाच वेळा वाचलं. मग जणू पहिल्यांदाच शिकतोय अशी एकेक पायरी केली. ओळ परत आली.

पुढच्या आठवड्यात गेले तर ती पुन्हा गायब.

"आता काय झालं?"

"पुसली मी. विचारलंय त्याला."

माझं डोकंच फिरलं. "अरे, सरळ विचार ना, कसा आहेस म्हणून!"

"ते विचारलं आणि त्याने उत्तर नाही दिलं तर? ह्याचं तरी देतो."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि पुन्हा वाचलं. शेवटी मीच फोन ओढून घेतला. एकच वाक्य होतं: "दादा, हे तुला येतं."

चोरी पकडली गेली. आता विचारायला एवढंही उरलं नाही, असं मला वाटलं.

थोरल्याने फोन माझ्या हातातून परत घेतला.

"बघितलंस?" तो म्हणाला. "मला दादा म्हणाला."