मले एक, तुले एक

स्कॉटलंडमध्ये आमच्या घराला लागून एक म्हातारी राहते. मी तिला तिच्या नावानंच हाक मारते, तिकडची पद्धतच तशी. पण माझी आई तिला पहिल्यापासून ‘तुही तिकडची माय’, म्हणजे तुझी तिकडची आई, म्हणते. आणि हे ती काही प्रेमानं म्हणत नव्हती, बरं का. बरीच वर्षं नव्हती.

कारण माझं बाळंतपण. लेकीचं पहिलं बाळंतपण आईनं करायचं, हे आमच्या भंडारा जिल्ह्यात, मोहाडीकडे कोणाला सांगावं लागत नाही. आईनं मेथीचे लाडू बांधले, डिंक तळून ठेवला, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. आणि तिचा व्हिसा नाकारला गेला. लाडू शेजारपाजारच्यांनी खाल्ले. आईनं एकही खाल्ला नाही, हे मला काकूनं नंतर सांगितलं.

इकडे मी टाके पडलेली, नवरा बाळाला काचेचं भांडं धरावं तसं धरून उभा. तेवढ्यात ही शेजारीण आली. विचारलं नाही, सवरलं नाही. रबरी पिशवीत गरम पाणी भरून ती माझ्या पाठीखाली सारली, बार्लीच्या पेजेचं पातेलं ओट्यावर ठेवलं, बाळ उचललं आणि मला म्हणाली, झोप. महिनाभर रोज हेच. आई फोनवर विचारायची, “शेक देल्ला का कोणं?”

“देल्ला ना.”

“कोणं?”

“शेजारणीनं.”

की लगेच, “बरं, ठेवतो,” म्हणून फोन बंद. मला राग यायचा. अरे, शेक मिळाला ना पोरीला, मग तोंड कायले वाकडं? पण तो शेक द्यायचा हक्क तिचा होता आणि तो दुसरीनं नेला होता. मी स्वतः आई झाले होते तरी हे कळायला मला वेळ लागला.

पुढे त्या घरात पाहुण्यांची रांग लागली. नवऱ्याचे मित्र, माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी, मैत्रिणींच्या नणंदा. सगळ्यांना किल्ले पाहायचे, सगळ्यांना तळी पाहायची. किल्ले दाखवून दाखवून माझ्या पायाचे तुकडे पडले. तळ्यांचं तर मला हसूच येई. भंडाऱ्याच्या पोरीला कोणी तळं दाखवतं का! आमच्याकडे उठलं की तलाव, बसलं की बोडी, म्हणजे लहान तळं. तरी मी डबे बांधून सगळ्यांना फिरवलं. तोवर पोरगी म्हातारीकडे. तिथं दोघींचा बिस्किटांचा खेळ चालायचा. पोरगी वाटत जायची, “मले एक, तुले एक.” म्हातारीही शिकली. मले एक, तुले एक.

मराठी मंडळातल्या एका बाईनं हे ऐकलं आणि मला बाजूला घेतलं. “अगं, परक्या बाईला शिकवतेस तर शुद्ध तरी शिकव. ‘मला’ म्हणावं.” मी म्हटलं, “काहून? माह्या मायनं मले ‘मले’नंच वाढवलं, काही उपाशी नाही ठेवलं.” त्या बाई त्यानंतर माझ्याकडे जेवायला आल्या नाहीत. एक पाहुणी कमी झाली.

मग मी ठरवलं. सगळ्या दुनियेला मी किल्ले दाखवले, जिनं मला उभं केलं तिला माझं गाव दाखवलं नाही, हे काही खरं नव्हे. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, “कायले आणून राहिली तिले? आपल्याकडं काय हाय पाहण्यासारखं?”

“तू हाय,” मी म्हटलं. “मी आणते म्हणजे आणते.”

धान कापून झालं होतं तेव्हा आम्ही आलो. अंगणात सगळी आळी जमलेली. म्हातारी गाडीतून उतरली, कंबर धरून सरळ झाली आणि माझ्या काकूकडे पाहून खणखणीत म्हणाली, “मले भूक लागली!”

“अवो बाप्पा!” काकूनं कपाळावर हात मारला. “हे तं आपलीच बोलते!”

सगळे हसले. आई नाही हसली. तिनं मुकाट्यानं पाट मांडला, लाखोरीच्या डाळीचे वडे वाढले, तलावातले झिंगे वाढले. म्हातारीच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण तिनं पान चाटूनपुसून साफ केलं. आई दारातून बघत होती.

दुसऱ्या दिवशी एसटीनं भंडाऱ्याला गेलो. म्हातारीनं पितळेच्या दुकानात एक मोठा गुंड पसंत केला. त्यात पाणी भरतात हे सांगितल्यावर म्हणाली, मी छत्र्या ठेवीन. मग वैनगंगेच्या घाटावर गेलो. पायऱ्या निसरड्या. मी पोरीला धरलं होतं, त्यामुळे म्हातारीला आईनं धरलं. धरलं ते धरलंच, खाली बसल्यावरही हात सोडला नाही.

“इचा नवरा?” आईनं मला विचारलं.

“नाही. लई वर्षं झाले.”

म्हातारीनं मला विचारलं, ती काय म्हणते? मी सांगितलं. मग ती बराच वेळ बोलली आणि ते मला आईला सांगावं लागलं. ती म्हणाली होती, तुमची पोरगी बाळंतपणात तापानं फणफणली तेव्हा तिच्या तोंडून मला एकच शब्द कळत होता, आई, आई. मी तिचा हात धरायची, पण मला ठाऊक होतं, ती मला हाक मारत नाही.

आईनं पदरानं तोंड पुसलं. “इले सांग,” ती म्हणाली, “जायच्या आधी मी इची वटी भरीन.”

मी चमकलेच. वटी, म्हणजे ओटी, सवाष्णीची भरतात, आणि भरणारीही सवाष्णच लागते. बाबा गेल्यापासून आईची वटी कोणी भरलेली नाही. लग्न असो, हळदीकुंकू असो, ताट फिरायला लागलं की ती आपणच उठते. “मी भाताकडं पाहतो,” म्हणते आणि चुलीपाशी जाऊन बसते. तिला उठ म्हणून कोणी सांगत नाही आणि बस म्हणूनही कोणी सांगत नाही. मी एकदा यावरून भर लग्नात भांडले होते. तेव्हा आईनंच मला गप्प केलं होतं, “चालते व. रीत हाय.”

आणि आता हीच बाई वटी भरायला निघाली.

निघायच्या दिवशी सुपात तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी, हिरवा खण, सगळं तयार. म्हातारीला पँटवरूनच आईचं लुगडं गुंडाळलं होतं, खाली बूट. आळीतल्या बाया दाराशी गोळा झाल्या. काकू पुढे आली. काकू वाईट नाही, पण रीत म्हटली की तिच्या अंगात येतं.

“बाई, काय करून राहिल्या तुम्ही? तिले नवरा नाही. तुम्हाले… तुम्हीबी तशाच. भरणारीचंबी चालत नाही, घेणारीचंबी चालत नाही.”

माझं डोकं सणकलं. मी तोंड उघडणार तोच आईनं हात आडवा केला.

“तू बोलू नको,” ती मला म्हणाली. मग काकूकडे वळली. “पोट्टी माही. बाळंतपण माहं होतं, ते इनं केलं. तवा नवरा हाय का नाही, हे कोणं पुसलं होतं? शेक द्याले चालते आणि वटी घ्याले चालत नाही? सरक.”

काकू सरकली. मी आईचा असा आवाज बाबा असतानाही ऐकला नव्हता.

आईनं म्हातारीला पाटावर बसवलं, कुंकू लावलं, लुगड्याचा पदर तिच्या हातात पसरून धरायला दिला. नारळ, खण ठेवला. मग ओंजळ भरभरून तांदूळ. म्हातारी पदराकडे आणि आईच्या तोंडाकडे आळीपाळीनं बघत होती. झाल्यावर आई उठायला लागली तर तिनं आईला हात धरून खाली बसवलं. तिला कुठे ठाऊक कोणाची भरायची आणि कोणाची नाही? तिला इतकंच ठाऊक की खाऊ एकटीनं घ्यायचा नसतो. तिनं आपल्या पदरातल्या तांदळावर हात ठेवला.

“मले,” ती म्हणाली.

मग सुपात हात घातला, ओंजळ भरली आणि आईपुढे धरली.

“तुले.”

आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं ती म्हणणार, मी भाताकडं पाहतो. मी मनात म्हणत होते, आई, उठू नको, तुला माझी शपथ आहे, उठू नको.

आईनं पदर पसरला. म्हातारीनं एक ओंजळ टाकली, दुसरी टाकली, कुंकवाच्या करंड्यात बोट बुडवून आईच्या कपाळावर टेकवलं, तेही जरा वाकडंच. काकू नाक ओढत होती. मग तीच आत गेली आणि दुसरा नारळ घेऊन आली.

विमानासाठी नागपूरला निघायला अजून वेळ होता. आईनं ते तांदूळ चुलीवर छोट्या गंजात वेगळे शिजवले आणि ताट घेऊन आमच्या सगळ्यांच्या मधोमध येऊन बसली. वाफाळता भात, वर तूप. मी लहानपणच्या सवयीनं तिच्या ताटात हात घातला.

तिनं फाडकन हातावर चापट मारली.

“हट! वटीचा भात हाय माहा. कोणाले नाही द्याचा.”