मधाच्या रंगाचे खडे

दगडाची पापुद्र्याएवढी चकती कापावी तर ताईनंच, असं प्रयोगशाळेतले प्राध्यापकही म्हणत. बावीस वर्षं ती पाण्याच्या धारेखाली गोल करवत चालवत होती. तिचा धाकटा भाऊ खाणीत सुरुंग लावायचा. एकदा जेवणाच्या डब्यातून त्यानं एक दगड आणला. आत मधाच्या रंगाचे खडे होते.

"बघ गं, असला आम्ही आजवर फोडलेला नाही."

ताईनं चकती कापून सूक्ष्मदर्शकाखाली धरली आणि हाक मारली, "सर, हे माझ्या ओळखीतलं नाही."

महिनाभर तपासण्या झाल्या. सिरियमसारख्या दुर्मिळ धातूंनी भरलेलं ते खनिज कुठल्याच यादीत नव्हतं. आता अणूंची मांडणी तेवढी कळायची राहिली. त्यासाठी खसखशीहून बारीक एक निर्दोष स्फटिक काचेच्या सुईवर चिकटवून क्ष-किरणांच्या यंत्रात फिरत ठेवला होता.

कुणकुण खाणमालकाला लागली. असं खनिज सापडल्याचं कळून सरकारनं खाण ताब्यात घेतली तर त्याचं सगळंच बुडणार होतं. त्यानं आधी भावाला पट्ट्यानं सोलून काढलं, मग त्यालाच पुढे घालून मुकादम आणि दोन माणसं भरदुपारी प्रयोगशाळेत धाडली.

प्राध्यापक दारात आडवे आले. त्यांचं डोकं चौकटीवर आपटलं आणि ते तिथंच कोसळले. माणसांनी खण उपसले, घणानं दगडांचा भुगा केला, चकत्या बुटांखाली चिरडल्या.

"बाकीचे कुठंयत?" मुकादमानं विचारलं.

शेजारच्या बंद खोलीत यंत्र चालू होतं.

"होते तेवढे फोडलेत," ताई म्हणाली.

मुकादमानं तिचा उजवा हात ओट्यावर दाबून करंगळीवर हातोडी घातली. ती किंचाळली, पण सांगितलं काही नाही. मग शेजारचं बोट चेचलं. ओट्यावरचं पाणी लाल झालं.

भाऊ भिंतीला टेकून उभा होता. "ताई, सांगून टाक ना."

"काही असेल तर सांगेन ना रे."

हातोडी तिसऱ्यांदा वर गेली, तेव्हा भावानं जमिनीवरचा घण उचलून मुकादमाच्या डोक्यात घातला. तो पडल्यावरही घालत राहिला. बाकीचे दोघे पळाले.

मुकादम जागच्या जागी गेला. भावाला नऊ वर्षांची शिक्षा झाली, मालकाला चार. ताईची दोन बोटं काढावी लागली. प्राध्यापक टाके घालून परतले, आणि बंद खोलीतल्या स्फटिकानं आपली रचना दाखवली.

तुरुंगात भावानं पहिलंच विचारलं, "आतून कसा आहे गं तो?"

"थर आहेत. एका थरात जड अणू, मग कार्बन-ऑक्सिजनचे तिकोनी गट, पत्ते उभे करावेत तसे. पुन्हा जड थर."

तो तिच्या हाताकडे बघत राहिला. "घण मी पहिल्या बोटाआधी उचलायला हवा होता."

ताईनं त्याची समजूत काढली नाही. "हो," ती म्हणाली, आणि भेटीची वेळ संपेपर्यंत त्याच्यासमोर बसून राहिली.