कीबोर्डमधले तीनशे

अमरावतीच्या कॉलेजात आमच्या सरांनी शिकवण्यासाठी एक छोटी ऑपरेटिंग सिस्टीम स्वतः लिहिली होती. सर वारल्यावर ती नीट करायचं काम माझ्याकडे आलं. कोडमध्ये जागोजागी नुसते आकडे होते. तो आकडा कशाचा, हे सांगणारं नाव मी प्रत्येकाला देत होते.

कीबोर्डच्या भागात तीनशेवर अडले. तेच बटण तीनशे मिलिसेकंदांच्या आत पुन्हा दाबलं गेलं, तर सिस्टीम ते सोडून देत होती. इतका वेळ काहून ठेवला असेल, समजेना.

अकोल्याला सरांच्या घरी गेले तेव्हा त्यांच्या पत्नीला, काकूंना विचारलं.

"त्याईचा हात कापे," त्या म्हणाल्या. "एक अक्षर दोनदा उमटे. कोनाले सांगू नको म्हनत."

आम्ही रोज त्यांच्यासोबत बसायचो, तरी कोणाच्या लक्षात आलं नव्हतं.

सरांनी जे लपवलं, ते मी कोडमध्ये लिहून ठेवणार नव्हते. 'दोन दाबांमधला वेळ' एवढंच नाव दिलं. विद्यार्थ्यांची बोटं भराभर चालतात, त्यांचं जोडीचं अक्षर गळू नये म्हणून तीनशेचे तीस केले. सरांच्या हाताची कोडमधली खूण मात्र त्याबरोबर पुसली गेली.