सातव्या पत्र्यापाशी माय

आमच्या बाजाराचा एक कायदा होता. कुठं लिहिलेला नव्हता, पण तो मोडायची कुणाची छाती नव्हती. लागोपाठ तीन बाजार जो आपल्या जागेवर बसला नाही, त्याची जागा गेली. चौथ्या गुरुवारी शेजारचा आपलं पोतं तिथपर्यंत पसरणार, आणि त्यावर भांडायचं नाही. बाळंतपण असो, मयत असो, पोरीचं लग्न असो, दोन बाजार माफ. तिसऱ्याला घरातल्या कुणीतरी येऊन बसलंच पाहिजे. मी जन्मले तेव्हा तिसऱ्या गुरुवारी माय मला पदराखाली घेऊन बाजारात बसली होती. हे ती मोठ्या तोऱ्यात सांगायची आणि मला ऐकून राग यायचा. मला कशाचाही राग यायचा. अजून येतो, शाळेतल्या पोरांना विचारा.

माय घोंगडी विकायची. आमच्या घरातली मेंढरं कधीच गेली होती, विकतच्या लोकरीचं काम तेवढं राहिलं होतं. अप्पा घरी मागावर विणायचे, माय चिंचोक्याची खळ शिजवून घोंगड्यांना लावायची, आणि गुरुवारी गठडं डोक्यावर घेऊन बाजारात जायची. तिची जागा पाच हात लांब. एका अंगाला पानवाले अण्णा, दुसऱ्या अंगाला बांगडीवाली चाची. तिघांचं भांडण दर बाजारी ठरलेलं आणि जेवण एकत्र.

मी नववीत असताना गावाच्या मधोमध, जुन्या बाजाराच्या तोंडाशी, एक भलामोठा बोर्ड उभा राहिला. त्यावर येणाऱ्या इमारतीचं रंगीत चित्र. तीन मजले, काचेच्या खिडक्या, वर घड्याळ, समोर कारंजं, आणि कारंज्यापाशी छत्री घेतलेली एक गोरीपान बाई. आमच्या गावात तशी बाई तोवर कुणी बघितली नव्हती. आसपासच्या खटकचिंचोळीची, ठाणाकुशनूरची माणसं बाजार करून झाला की बोर्ड बघायला थांबायची. आत फिरता जिना बसणार आहे, आपण नुसतं उभं राहायचं आणि तो वर नेणार, असं कुणीतरी सांगितलं. "मग उतरताना उलटं तोंड करायचं का?" असं अण्णांनी विचारलं. त्यावर आठवडाभर वाद चालला.

नारळ फुटला. मांडव पडला, लाउडस्पीकर लागला, आणि स्टेजवरून सांगितलं गेलं की जुन्या बाजारात ज्याची जागा आहे त्याला खालच्या मजल्यावर पक्का कट्टा मिळणार. माय तिथं पहिल्या रांगेत बसली होती. घरी येऊन अप्पांना म्हणाली, "आता डोक्यावर छप्पर येतंय बघा. पावसात घोंगडी भिजायची न्हाईत." अप्पा मागावरून उठले नाहीत, पण हसले. मी तर मनात शटरसुद्धा लावून टाकलं होतं, निळ्या रंगाचं.

मग बाजाराभोवती पत्रे मारले. बसणाऱ्यांना तीन ठिकाणी पांगवलं. काही तळ्याकाठी, काही डेपोजवळच्या वडाखाली, काही कोर्टाच्या मागं. तात्पुरतं, सहा महिन्यांपुरतं. सगळे गेले. माय गेली नाही.

"कामून जात न्हाईस?" मी विचारलं.

"जागा जाईल की गं. तीन बाजार चुकले तर?"

"अगं, बाजारच राहिला न्हाई, तर जागा कशाची जायलीय?"

"बाजार न्हाई, पण जागा हाय ना तिथंच."

तिनं पत्रे मोजले. तिची जागा आत होती, तर बाहेरून तिच्या बरोबर समोर येणारा पत्रा सातवा. दर गुरुवारी त्या सातव्या पत्र्याला पाठ लावून, रस्त्याच्या कडेला, गठडं पुढ्यात ठेवून ती बसायला लागली. येणारीजाणारी माणसं तिला बघून हसायची. माझ्या वर्गातल्या पोरी तिकडून जायच्या तेव्हा मी लांबच्या गल्लीनं वळसा घालायची. आता लिहिताना लाज वाटते, पण तेव्हा मायची लाज वाटायची.

सहा महिन्यांची वर्षं झाली. खड्डा खणला आणि काम थांबलं. कुणी म्हणे कंत्राटदार पळाला, कुणी म्हणे खाली पाणी लागलं, कुणी म्हणे सरकार बदललं. खरं काय ते कुणालाच ठाऊक नव्हतं, त्यामुळं सगळेच छातीठोकपणे सांगायचे. पावसाळ्यात खड्डा भरायचा आणि पत्र्याच्या फटीतून म्हशी आत शिरायच्या. नवा साहेब आला की नवा नारळ. मी दहावी झाले तेव्हा दुसरा फुटला, बिदरला टीसीएच, म्हणजे मास्तरकीचा कोर्स, करत होते तेव्हा तिसरा. बोर्डावरच्या बाईची छत्री उन्हानं पांढरी पडली.

पण गंमत सांगते, गावानं आशा सोडली नाही. इमारत नव्हती तरी तिचं नाव चालू झालं. बसचे कंडक्टर खड्ड्यापाशी घंटी मारून ओरडायचे, "चला, कामप्लेक, कामप्लेक!" लग्नपत्रिकांवर पत्ता छापायला लागले, नव्या कॉम्प्लेक्ससमोर. आमच्या गल्लीतली निम्मी पोरं तोवर पुण्याला, हैदराबादला कामाला गेली होती. ती एसटीडीवरून फोन करायची. आईबाप कसे आहेत, पाऊस झाला का, हे विचारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला, "कामप्लेक झालं का?" झालं की परत येतो, तिथंच मोबाईलचं दुकान टाकतो, झेरॉक्स टाकतो, असं प्रत्येकाचं काही ना काही ठरलेलं. एवढ्या माणसांनी मिळून एका खड्ड्यावर जीव लावलेला मी दुसरीकडं बघितला नाही.

माय आपली सातव्या पत्र्यापाशी. मी सुट्टीला घरी आले की तिला विचारायची, "काही हाललं का आत?" ती दर गुरुवारी फटीतून डोकावून आलेली असायची, म्हणायची, "होईल की. एवढी घाई कामून करायलीस?" विक्री जवळजवळ थांबली होती. एक तर बाजार तिथं नव्हता, आणि दुसरं म्हणजे पानिपतची गुलाबी फुलाफुलांची ब्लँकेटं दुकानादुकानांत लटकत होती. अप्पा कमी विणायला लागले. ती मात्र बसायची. तिला ताप होता त्या गुरुवारी अप्पा जाऊन बसले. अप्पांना बाजारात बसायची सवय नव्हती. ते दिवसभर पुतळ्यासारखे बसून आले.

शेवटी एकदाचं झालं. मला बॉर्डरवरच्या मराठी शाळेत नोकरी लागली, त्याच वर्षी खड्ड्यातून खांब वर आले. मग स्लॅब पडला. मग दुसरा. लोक संध्याकाळी घरातल्या बायकापोरांना घेऊन स्लॅब बघायला यायचे, जत्रेला यावं तसे. घड्याळ बसलं नाही, कारंजं झालं नाही, फिरत्या जिन्याचं तर नावच निघालं नाही. तिनाचे दोनच मजले झाले. कुणाला काही वाटलं नाही. गावाच्या मधोमध काहीतरी उभं होतं, बस्स.

आणि मग भिंतीवर यादी लागली.

मी शाळेतून परस्पर गेले. गाव कर्नाटकातलं, यादी कानडीत होती. वरून खाली वाचली, खालून वर वाचली. अण्णा होते, चाची होती, अगदी कालपरवा बसायला लागलेला प्लास्टिकच्या बादल्यांवाला होता. माय नव्हती.

मुन्सिपालटीत गेले. टेबलामागच्या माणसानं शांतपणे सांगितलं की मागच्या वर्षी एका गुरुवारी आमचा माणूस वही घेऊन तिन्ही ठिकाणी फिरला, जे बसलेले दिसले त्यांची नावं घेतली. तुमची आई कुठं बसते?

"पत्र्यापाशी," मी म्हणाले.

"पत्र्यापाशी बाजार कुठं होता?" त्यानं विचारलं. त्याच्या जागी मी असते तर मीही हेच विचारलं असतं. तरी मी टेबलावर हात आपटला, काय काय बोलले, आणि त्यानं मला बाहेर जायला सांगितलं.

तो सगळा राग मी घरी नेला. माय चुलीवर खळ ढवळत होती. मी दारातूनच सुरू केलं. "बघ, केलंस ना स्वतःच्या हातानं! सगळं गाव येडं आणि तू एकटी शहाणी! दोन पावलं तळ्याकाठी गेली असतीस तर नाव लागलं असतं. अकरा वर्षं उन्हात बसून जागा राखली म्हणे! जागा राखली न्हाईस, घालवलीस!"

मायच्या हातातला डाव थांबला. खळ करपली तरी तिनं ढवळली नाही. मग तिनं अप्पांकडं बघून विचारलं, "माझं चुकलं का हो?"

मला त्याच क्षणी कळलं की मी काय करून बसले. मायला कट्टा गेल्याचं दुःख होतंच, पण त्याहून मोठं हे की ती ज्या कायद्यानं जन्मभर वागली तो कायदाच कुणी मानत नव्हतं, आणि ते तिला तिच्याच पोरीनं ओरडून सांगितलं. माफी मागायला जीभ उचलली नाही. आमच्या घरात ती सवयच नव्हती.

त्या गुरुवारी कट्टे ताब्यात मिळणार होते. माय जाणार नाही म्हणाली. धडधाकट असताना आयुष्यात पहिल्यांदा ती गुरुवारी घरात बसली आणि घर कसंनुसं झालं. अकराच्या सुमाराला चाचीचा निरोप आला, मास्तरणीला आणि तिच्या आईला गठड्यासकट पाठवा. मायनं नाही म्हणून मान हलवली. अप्पांनी मागावरचा पाय काढला, गठडं उचललं आणि स्वतःच्या डोक्यावर घेतलं. तेव्हा कुठं ती उठली.

आत गेलो. सिमेंटचा लांबच लांब कट्टा, त्यावर चुन्याच्या रेघा आणि नंबर. सगळी मंडळी आपापल्या नंबरावर बसलेली, पण रेघा काही जुळत नव्हत्या. अण्णा रेघ सोडून अलीकडं सरकलेले, चाची पलीकडं. त्यांच्या पलीकडचे आणखी पलीकडं. आठ जणांनी प्रत्येकी वीतभर जागा सोडली होती, आणि मधे रिकामा तुकडा पडला होता चार हातांचा. जुन्या जागेपेक्षा हातभर कमी.

"ये गे, बस," चाची मायला म्हणाली. "कितनी देर?"

माय जागची हलली नाही. मी चाचीला विचारलं, यादीत नसताना हे कसं? चाचीनं मला असं झापलं की बस. "तुला कायकू माहीत असंल? तू तर त्या रस्त्यानं कधी आलीच न्हाईस! खेड्यावरचा माणूस एसटीतून उतरला की जुन्या बाजाराकडं यायचा. तिथं पत्रे. मग तेरी अम्मा सांगायची, बांगडीवाली वडाखाली, पानवाले तळ्याकाठी, मिरच्या कोर्टामागं. माझं एक गिऱ्हाईक तुटू दिलं न्हाई तिनं. अकरा वर्षं! तिचं नाव वहीत न्हाई म्हणून आम्ही डोळे झाकू?"

मुन्सिपालटीचा माणूस आला, रेघांकडं बघून म्हणाला, असं चालत नाही. अण्णा त्याच्याशी कानडीत बोलले, हात जोडून पण आवाज चढवून. ज्याची त्याची वीत आहे, आम्ही कुणालाही देऊ. त्या माणसानं आठ तोंडांकडं बघितलं, वही मिटली आणि दुसऱ्या रांगेत गेला. नंतर मी कानडीतून सात अर्ज लिहिले आणि त्या तुकड्यालाही नंबर पडला, तेरा-अ. पण त्या दिवशी नंबर नव्हता. आठ जण अंग चोरून बसले होते, एवढंच होतं.

माय कट्ट्यावर चढली. हातानं सिमेंट पुसलं. वर छताकडं बघितलं, मग बसली आणि गठड्याची गाठ सोडायला लागली. गाठ सुटत नव्हती. मी पुढं होऊन सोडवली. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं होतं आणि ते लपवायला जागा नव्हती.

"माय," मी म्हणाले, "चुकलं माझं."

मला वाटलं ती म्हणेल, असू दे गं. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं.

"व्हय, चुकलं," ती म्हणाली. "आता हे टोक धर."

मी टोक धरलं. दोघींनी मिळून घोंगडं झटकलं, ते उघडलं आणि त्याचा अर्धा भाग चाचीच्या बांगड्यांवर जाऊन पडला. चाची ओरडली, "पहिल्याच दिवशी माझी जागा खायलीस व्हय गे!" माय हसत सुटली. घोंगडं तसंच ठेवून ती हसत राहिली.