कन्यादानाचा उपास

एक किस्सा सांगायला घ्यावा तर मागून चार ढकलत येतात, असं आहे आमच्या ड्रेसिंग रूमचं. ऑपरेशन करून आतड्याचं तोंड पोटावर काढतात, त्याला स्टोमा म्हणतात. त्यावर पिशवी चिकटवायची असते. ती नीट कशी लावायची, हे शिकवणारी मी सिस्टर. जालन्यात वीस वर्षं काढल्यावर वाटलं, आता सगळं बघून झालं. न्हाई.

*

एक गुरुजी आले. पिशवी रोज गळायची. बघते तर स्टोमा लिंबाएवढा अन् पिशवीला भोक मोसंबीएवढं. भोवतीची कातडी लालभडक.

"एवढं मोठं कशाला कापलं, गुरुजी?"

"कपडा सैलच असावा, सिस्टर. पुढं अंग भरलं तर?"

जन्मभर गणित शिकवलेला माणूस!

*

जुन्या जालन्याच्या एका भाभींनी गळती लागली म्हणून पिशवीवर पिशवी लावली. अशा तीन. खालची आठ दिवस काढलीच न्हाई. म्हणाल्या, "पत्रा गळला की त्यावर दुसरा टाकतोच ना आपण?" खालची कातडी बघून मी खुर्चीत बसले.

*

मंग आष्टीचे काशिनाथमामा आले. मामी रोज त्यांच्या पोटाला खोबरेल चोपडायच्या. "आग होऊन राह्यली तर तेल लावू न्हाई का?" आता तेलावर काय चिकटणार, कप्पाळ?

मी समजावलं. साध्या पाण्यानं धुवा, कोरडं करा, भोक मापात कापा. अन् घराबाहेर पडताना एक पिशवी कापून खिशात ठेवा.

मामा म्हणाले, "तेवढं कातडं भरून द्या. पंधरा दिवसांवर पोरीचं लग्न आहे. सोयऱ्यांना यातलं काही सांगितलं न्हाई. मांडवात गळलं तर सोयरीक मोडन."

*

आठव्या दिवशी मामांना उचलूनच आणलं. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी.

मामी म्हणाल्या, "कन्यादानाचा उपास धरलाय त्यांनी."

"अहो, तो लग्नाच्या दिवशी असतो, कन्यादान होईपर्यंत!"

"मी बी तेच म्हणले."

मामा भिंतीकडं तोंड करून बोलले, "पोटात काही गेलंच न्हाई, तर पिशवीत काय येईन?"

दोन दिवसांपासून पाणीसुद्धा बंद केल्तं. सलाइन लावताना मी लई रागावले त्यांना. मंग दोघंही रडलो.

*

लग्नाला त्यांनी मला आग्रहानं बोलावलं. कन्यादान बराबर पार पडलं. उपास सोडून मामा व्याह्यांच्या शेजारी पंगतीत बसले. वरणभात झाला, जिलेबी झाली अन् मामा एकदम थांबले. हात पोटावर. पांढऱ्या सदऱ्यावर पिवळा डाग पसरून राह्यला होता.

"खिशात पिशवी आहे ना?" मी मामींच्या कानात विचारलं.

"नव्या सदऱ्याला खिसाच शिवला न्हाई हो."

तेवढ्यात व्याही उठले. आपलं उपरणं त्यांनी मामांच्या पोटाभोवती गुंडाळलं अन् त्यांना हाताला धरून मांडवामागच्या खोलीत नेलं. मी मागं पळाले.

व्याह्यांनी दार लावलं, कोटाच्या खिशात हात घातला अन् मापात भोक कापलेली एक पिशवी बाहेर काढली.

"माझं तीसचं माप आहे," ते म्हणाले. "तुम्हाला बराबर बसन का?"